आकड्याखाली सही कोणाची?

बारावीचा निकाल लागला की हल्ली संख्याशास्त्राला बरे दिवस येतात. एके काळी ‘फिजिक्सला नंबर लागला नाही म्हणून घेतलेला विषय’ अशी ज्याची ओळख होती, त्याची आता पालक आपणहून चौकशी करतात. कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की स्टॅट्स केलं की डेटा सायन्सला जाता येतं आणि तिथं पॅकेज चांगलं मिळतं. विषयाला मान मिळाला हे ठीकच झालं. पण ज्या कारणानं मिळाला ते कारण उथळ आहे. उद्या पॅकेज दुसरीकडं सरकलं की ही चौकशीही तिकडं सरकेल.

जुन्या आणि नव्या समजुतीत एक गोष्ट समान आहे. आकडे आधीच कुठंतरी तयार असतात, संख्याशास्त्रज्ञानं फक्त त्यांच्यावर काम करायचं, असं दोन्हींना वाटतं. पूर्वी हे आकडे वहीत असत, आता सर्व्हरवर असतात, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की या विषयाचा गाभा आकडे हाती येण्याच्या आधी सुरू होतो. कोणाकडून घ्यायचे, किती घ्यायचे, कोणाला वगळल्यानं काय बिघडेल, हे आधी ठरतं. आणि उत्तर आल्यावरही काम संपत नाही, कारण त्या उत्तरात चूक किती असू शकेल हे सांगणं बाकी असतं. मधली आकडेमोड हा या शास्त्राचा सर्वांत सोपा आणि आता सर्वांत स्वस्त भाग. म्हणून ‘या पदवीनंतर नोकऱ्या कुठल्या’ हा प्रश्न मी जरा फिरवून विचारतो: कुठल्या कामात माणसाला आकड्याखाली स्वतःची सही करावी लागते?

## १. दोरीवरचं रोप

जिल्ह्यात भाताचं किंवा सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन किती झालं, हे कसं कळतं? सगळं पीक कोणी मोजत नाही. पीक कापणी प्रयोग होतात. गावं यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता निवडली जातात. गावातले गट क्रमांक तसेच निवडतात. शेतातली जागासुद्धा तशीच: ठरलेल्या कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला, आणि जिथं पोचाल तिथं खुंटी. ‘इथं पीक बरं दिसतंय’ म्हणून चौकट हलवायची मुभा नाही. मग दोरी ताणायची, आतलं पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं.

आता दोरी ज्या रोपावरून जाते ते आत धरायचं की बाहेर? नियम असतो. पण उभ्या पिकात वाकलेल्या माणसाचा हात ते रोप बहुधा आत ओढतो. समजा, या सवयीनं चारही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरची पट्टी जास्तीची कापली गेली. चौकट एक मीटर बाजूचा चौरस असेल, तर १ चौरस मीटरऐवजी १.२१ चौरस मीटर कापलं जातं, म्हणजे उत्पादन २१ टक्के फुगतं. चौकट १० बाय ५ मीटर असेल, तर तोच हात आणि तीच पाच सेंटिमीटर, पण फुगवटा साधारण ३ टक्के.

या मुद्द्यावर १९४० च्या दशकात देशातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचे मतभेद झाले. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचा कल लहान चौकटी पुष्कळ घ्याव्यात आणि त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित माणसं ठेवावीत असा होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनहून डॉक्टरेट करून आलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे मोठ्या चौकटीच्या बाजूचे. महसूल आणि शेती खात्यातल्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच हे काम करून घ्यावं, असं त्यांचं मत. लहान चौकटीचा फुगवटा महालनोबिसांना ठाऊक नव्हता असं नाही. वाद खर्चाचा होता, माणसांचा होता आणि किती चूक पत्करायची याचा होता.

या वादातून जे शिकायचं ते एकच, पण पदवीच्या तीन वर्षांत त्याहून मोलाचं फार थोडं आहे. लहान चौकटींची संख्या शंभराची एक लाख केली तरी ते २१ टक्के जागचे हलत नाहीत. काही चुका कधी वर तर कधी खाली जातात. नमुना मोठा केला की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. जी चूक एकाच दिशेनं होते, तिला मोठा नमुना काहीच करत नाही, उलट तिच्यावर अचूकतेचा मुलामा चढवतो. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रूझवेल्ट हरणार असं भाकीत केलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते, शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली हाही प्रश्न होताच. ‘आमच्याकडे डेटा प्रचंड आहे’ असं अभिमानानं सांगणाऱ्या आजच्या कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न यातच आहे: तुमच्या ॲपवर जे आले नाहीत, ते कोण?

आणि दोरीवरच्या रोपाचा हिशेब आजही जिवंत आहे. पीक विम्याची भरपाई अशाच उत्पादनाच्या अंदाजावर ठरते. उत्पादन जास्त दिसलं की भरपाई कमी. शेतकरी आणि विमा कंपनी, दोघांचे डोळे त्या खुंटीकडं लागलेले असतात. अशा जागी नमुना कसा निवडायचा हे ठरवणाऱ्या माणसाला कोणी ‘आकडेमोड करणारा’ म्हणू नये.

## २. गुणाकाराची परवानगी

संभाव्यतेचा पेपर फासे, पत्ते आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू यांत अडकतो, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की हा खेळ आहे. दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर येतं की दोन घटना स्वतंत्र असतील तर दोन्ही घडण्याची संभाव्यता ही त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार. सगळे तो गुणाकार पाठ करतात. ‘स्वतंत्र असतील तर’ हे शब्द मात्र गणित सोडवताना हातातून निसटतात.

ते शब्द निसटले की काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या न्यायालयातलं आहे. एका महिलेची दोन तान्ही बाळं एकामागून एक दगावली आणि तिच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तशा घरात बाळ अचानक, विनाकारण दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन बाळं दगावण्याची शक्यता त्या संख्येच्या वर्गात एक, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असं सरकार पक्षाच्या वैद्यकीय तज्ज्ञानं सांगितलं. १९९९ साली ती दोषी ठरली. गुणाकार बरोबर होता, पण तो करायची परवानगी नव्हती. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या दोन मुलांच्या बाबतीत आनुवंशिक कारण असू शकतं, घराची परिस्थिती तीच असते, म्हणजे या घटना स्वतंत्र धरायला काही आधारच नव्हता. दुसरी चूक त्याहून खोल. आई निर्दोष असताना असं घडणं किती दुर्मीळ, आणि असं घडलेलं असताना आई निर्दोष असणं किती शक्य, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका घरात दोन तान्ह्या बाळांचे खून होणं हेही अतिशय दुर्मीळच की. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर निवेदन काढून या आकड्याला आक्षेप घेतला. २००३ मध्ये ती सुटली, मुख्यतः तोवर उघड न केलेल्या वैद्यकीय तपासण्यांमुळं. पण त्या आकड्यानं केलेलं नुकसानही वरिष्ठ न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसरं उदाहरण दवाखान्यातलं आणि पूर्णपणे कागदावरचं. शंभरात एकाला असलेला एक आजार धरा. चाचणी अशी की आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्क्यांच्या आसपास सांगतात, त्यात शिकलेलेही आले. दहा हजार माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ५ टक्के म्हणजे ४९५ उगाचच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यांत खरे आजारी ९०. शक्यता १५ टक्क्यांच्या थोडी वर. चाचणी वाईट नाही, आजार विरळ आहे. हे बेजचं सूत्र आहे आणि आपला प्रत्येक विद्यार्थी ते परीक्षेत सिद्ध करून दाखवतो. धास्तावलेल्या शेजाऱ्याला ते समजावून सांगणं अभ्यासक्रमात बसत नाही.

## ३. सही करणाऱ्यांच्या जागा

आता नोकऱ्यांकडं येऊ. जाहिरातींमधली पदनामं बाजूला ठेवून त्यांची विभागणी केली तर चित्र वेगळं दिसतं. एका बाजूला अशी कामं की जिथं आकडे कोणीतरी देतो, अहवाल कोणीतरी मागतो, आणि मधल्या माणसानं तक्ते, आलेख, डॅशबोर्ड करून द्यायचे. दुसऱ्या बाजूला अशी कामं की आकडा चुकला तर विचारणा कोणाकडं करायची हे ठरलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात विमा क्षेत्रातले ॲक्च्युअरी येतात. आज विकलेल्या पॉलिसीचे पैसे कदाचित चाळीस वर्षांनी द्यायचे आहेत. ते देता यावेत म्हणून आज किती रक्कम बाजूला ठेवायची, हे विमा कंपनीच्या नियुक्त ॲक्च्युअरीला प्रमाणित करावं लागतं. या व्यवसायाला २००६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची परीक्षा घेणारी संस्था नवी मुंबईत आहे. परीक्षांची रांग लांब असते आणि नोकरी सांभाळून ती पार करण्यात बऱ्याच जणांची उमेदीची वर्षं जातात. हे आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यातलं गुणवत्ता नियंत्रण हे जुनं क्षेत्र. शूहार्टचा नियंत्रण तक्ता १९२४ चा आहे, आणि मशीन कधी थांबवायचं नि कधी उगाच हात लावायचा नाही, हा निर्णय आजही त्यावरच घेतला जातो. बँकांमध्ये कर्ज बुडण्याचा अंदाज बांधणारे असतात आणि त्यांचं गणित तपासणारे वेगळे असतात. हुशार मुलांनी दुसऱ्या गटाकडंही बघावं.

सरकारात १९६१ साली सुरू झालेली भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते. १९५० पासून चालू असलेली राष्ट्रीय नमुना पाहणी आहे. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिच्याकडं असतं. या कामाचं महत्त्व कळायला जनगणनेकडं बघावं. २०११ नंतरची मोजणी २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली. मधल्या काळात देशातल्या बहुतेक मोठ्या पाहण्यांचे नमुने २०११ च्या याद्यांवरून काढावे लागले. त्यानंतर शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्त्या त्या याद्यांमध्ये जशाच्या तशा कुठून असणार? ती पोकळी भरून काढायची कसरत ज्यांनी केली, त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

आणि औषधं. माझ्या मते या पदवीचा सर्वांत कसदार उपयोग इथं होतो, म्हणून इथं थोडं थांबतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयावर एक प्रयोग सुरू झाला. तोवर क्षयरोग्यानं सॅनेटोरियममध्ये राहावं, चांगलं खावं, विश्रांती घ्यावी, हे गृहीत होतं. देशात रोगी लाखोंनी आणि खाटा मूठभर. प्रश्न असा होता की तीच औषधं रोग्यानं घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहून घेतली तर? घरी कोण आणि सॅनेटोरियममध्ये कोण, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. डॉक्टरांनी ठरवलं असतं तर दयेपोटी जास्त आजारी माणसं सॅनेटोरियममध्ये गेली असती आणि तुलनेला अर्थ उरला नसता. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरच्या उपचाराचा गुण सॅनेटोरियमच्या जवळपास, आणि घरातल्या इतरांना होणारा धोकाही वाढलेला नाही. जगभर क्षयावरचे उपचार घरी राहून घेता येऊ लागले, त्यामागं या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

आज औषध चाचणीत काम करणारा जीवसंख्याशास्त्रज्ञ हेच करतो, फक्त कागदपत्रं वाढली आहेत. कोणत्या रोग्याला खरं औषध मिळालं हे उघड होण्याच्या आधी विश्लेषणाचा आराखडा लिहून, सह्या करून बंद करावा लागतो: मुख्य निकष कोणता, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचं काय करायचं, कोणत्या उपगटांची तुलना करायची. निकाल बघून निकष बदलता येत नाही. संख्याशास्त्राचं नीतिशास्त्र कुठं लिहिलेलं असेल तर ते या रुक्ष कागदात.

## ४. आक्षेप

संगणक हे सगळं करतोच. मधला भाग करतो आणि आपल्यापेक्षा चांगला करतो. आता तर मराठीत विचारलं तरी प्रोग्रॅम लिहून मिळतो. पण ज्या रोपाला आत ओढलं गेलं, जे घर यादीतच नव्हतं, जो रोगी तिसऱ्या महिन्यात गाव सोडून गेला, त्याची खबर संगणकाला कोण देणार? या आक्षेपातून निघतं ते भलतंच: सहा महिन्यांत फक्त साधनं शिकवणारा अभ्यासक्रम आधी मोडीत निघेल, चार पानांचा सॅम्पलिंगचा सिद्धान्त नाही.

पण पगार तर साधनांना मिळतो. सुरुवातीला मिळतो, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. घरचं कर्ज फेडायचं असलेल्या मुलीला मी ‘सिद्धान्त वाच’ एवढंच सांगून मोकळा होणार नाही. पायथन शिकावं, एसक्यूएल शिकावं, पहिली नोकरी त्यावर घ्यावी. फक्त ज्या कामात आपल्या जागी दुसरा कोणीही महिन्याभरात बसू शकतो, त्या कामाचा पगार कोणाच्या हातात असतो हे लक्षात ठेवावं.

दोन संख्याशास्त्रज्ञ दोन उत्तरं देतात, मग यात शास्त्र कसलं? हा आक्षेप बहुधा हसत घेतला जातो, पण तो गंभीर आहे आणि त्याचं उत्तर पुण्यातच मिळतं. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांची रेषा. सुखात्म्यांनी अशा सरासरी रेषेवरच बोट ठेवलं. एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होतं आणि शरीर ते सांभाळून घेतं. तेव्हा सरासरीखाली आला तो कुपोषित, असं मोजलं तर कुपोषितांची संख्या फुगते, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या धान्यावर भर देण्यापेक्षा पाणी आणि स्वच्छता बघा, असंही ते सांगत. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. ज्यांना जेवायला कमी मिळतं त्यांच्या शरीरानं जुळवून घेतलं म्हणून ते भुकेले नाहीत, असं कसं म्हणायचं, अशी या बाजूची टीका होती. दोघंही मुरलेले संख्याशास्त्रज्ञ, दोघांची आकडेमोड बिनचूक. वाद ‘किती बदल निरोगी समजायचा’ या गृहीतकाचा होता, आणि तो उघड्यावर झाला म्हणून तुम्हा-आम्हाला त्यात बाजू घेता येते. उत्तरं दोन आली हा दोष मानायचा असेल तर मानावा. गृहीतक लपवून एकच उत्तर देणाऱ्यापेक्षा मला हे दोघं जवळचे वाटतात. (सुखात्म्यांची बाजू मला अजून पूर्ण पटलेली नाही.)

सरकार हवा तोच आकडा बाहेर काढतं. कधीकधी काढतं. २०१९ च्या जानेवारीत, रोजगाराचा पाहणी अहवाल आयोगानं मान्य करूनही प्रसिद्ध होत नव्हता, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन बिगर-सरकारी सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल त्याच वर्षी निवडणूक झाल्यावर बाहेर आला. तरीही हा आक्षेप पदवीच्या विरुद्ध जात नाही. दाबण्यासारखा आकडा तयार व्हायला आधी तो प्रामाणिकपणे मोजणारी माणसं लागतात. आणि तो दाबला गेला हे ओळखायलाही त्याच प्रशिक्षणाची माणसं लागतात.

आपल्या महाविद्यालयांत हे शिकवतात कुठं? या आक्षेपाला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. प्रॅक्टिकलची जर्नलं उघडून पाहा. ‘खालील सारणीत एका पानावरील मुद्रणदोषांची वारंवारता दिली आहे. पॉयसाँ वितरण बसवा.’ मुलगा सरासरी काढतो, अपेक्षित वारंवारता काढतो, काय-वर्ग काढतो, आणि शेवटी लिहितो: वितरण चांगले बसते. ती पानं कोणत्या पुस्तकातली, मोजली कोणी, कितव्या पानानंतर मोजणाऱ्याचे डोळे थकले, हे त्याला कोणी विचारत नाही आणि विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्येही तीच सारणी असते. अशी तीन वर्षं काढलेल्या मुलाला पालकांची ती उथळ समजूत खरीच वाटली तर दोष त्याचा नाही.

बदल करायचा म्हटला तर पैसे फारसे लागत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तयार आकडे घ्यायला बंदी घालावी. तालुक्याच्या महाविद्यालयांना यात शहरापेक्षा जास्त सोय आहे, शेत फाटकाबाहेर असतं. कृषी विभागाच्या परवानगीनं दोन-दोन विद्यार्थ्यांना पीक कापणी प्रयोगाला पाठवावं. शेजारी-शेजारी तेवढीच दुसरी चौकट शेतकऱ्याला विचारून आखावी, दोघांनी वेगवेगळी कापावी, वेगवेगळी तोलावी. वजनं जुळणार नाहीत. मग तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकानं सूत्र विचारू नये, फरक कुठून आला ते विचारावं. ‘मातीचा फरक, सर’ असं एकानं सांगितलं तर दोरीवरच्या रोपांचं काय केलंत, हेही विचारावं.